आधी बोलायची पाळी

बलिप्रतिपदेला पंचांगात आणखी एक नाव आहे, द्यूतप्रतिपदा. या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात हरवलं अशी कथा सांगतात. त्या कथेच्या आधाराने आपल्या भागातल्या, एरवी पत्त्यांना हात न लावणाऱ्या घरांतही पाडव्याच्या रात्री सतरंजी अंथरली जाते. पोरं बदाम सात खेळतात, मधल्या वयाची मंडळी मेंढीकोट, आणि फराळ अंगावर आलेले काका-मामा रुपया-दोन रुपयांच्या बुटावर तीनपत्ती. वाचकांपैकी अनेकांनी कॅट पहिल्यांदा पिसला असेल तो अशाच रात्री. तेव्हा दिवाळी अंकात पत्त्यांवर लिहितो आहे याबद्दल क्षमा मागत नाही.

या सगळ्या खेळांत एक गोष्ट समान आहे. सुरुवात करणं हा मान असतो. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, एकशेवीस गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग. डाव दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने आरंभ करायचा, रात्री मांडला तर कृष्णाचा ज्याच्याकडे त्याने. मेंढीकोटातही उतारी मिळाली की माणूस जरा सावरून बसतो. पोकर हा मला माहीत असलेला असा एकच खेळ, ज्यात आधी बोलणं ही जवळजवळ शिक्षा आहे.

हे बेळगावकराला फार समजावून सांगावं लागू नये. खडेबाजारात एखाद्या अनोळखी दुकानात शिरा. दुकानदार गप्प असतो. तुम्ही ‘केवढ्याला?’ म्हणता की ‘एष्टु?’ म्हणता याची तो वाट पाहत असतो. तुम्ही तोंड उघडलंत की तुमची भाषा, तुमची गल्ली, बहुधा तुमची ऐपतही त्याला कळलेली असते. त्याचं मात्र तुम्हाला अजून काहीच कळलेलं नसतं. तो मग तुमच्याच भाषेत गोड हसून भाव सांगतो. मागून बोलणाऱ्याचा फायदा तो हा. उद्यमबागेत तीस वर्षं माझं चार लेथचं वर्कशॉप होतं (आता ते मुलगी बघते). तिथेही आधी दर टाकणाऱ्याची हीच गत होत असे.

ज्यांनी टेक्सास होल्डेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं उघडी, त्या सातांतून उत्तम पाच. टेबलावर नऊजण. एक गोल चकती, तिला बटन म्हणतात, दर हाताला एकेक जागा पुढे सरकते. बटनाच्या डावीकडचे दोघे पानं न बघताच पैसे भरतात, एक लहान ब्लाइंड आणि एक मोठा ब्लाइंड. हा म्हणजे आपला बूटच, फक्त तो आळीपाळीने दोघांवर पडतो. त्यांच्या पुढचा जो, त्याने आधी बोलायचं. इंग्रजीत त्या जागेला ‘अंडर द गन’ म्हणतात, म्हणजे बंदुकीच्या तोंडाशी. त्याच्यामागे आठजण बोलायचे राहिलेले असतात. शिवाय पुढच्या हाताला मोठा ब्लाइंड त्याच्याच दारात येणार असतो, आणि त्याच्या पुढच्या हाताला लहान.

स्पर्धेत आणखी एक खुबी असते. प्रवेश फी भरली की सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, त्या संपल्या की घरी. घड्याळाच्या काट्यावर ब्लाइंड वाढत जातात. म्हणजे तुम्ही काहीही न करता नुसते बसून राहिलात तरी गरीब होत जाता.

हा खेळ खेळायला आम्ही चोर्ला घाट उतरून जातो. गोव्यात १९७६ चा जुगारविषयक कायदा आहे. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरच्या खेळांना वाट मिळाली. म्हणून पणजीला मांडवीत ती रोषणाईची जहाजं उभी. गंमत अशी, की १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांनाच या कॅसिनोंत खेळायला मज्जाव झाला, आणि माझा साखळीचा एक जुना स्नेही मला धक्क्यापर्यंत सोडून परत फिरतो. माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असतो. तो हा खेळ फोनवर शिकला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने कायद्याने बंदी घातली तेव्हा त्याचा तो रियाज संपला.

हेही सांगून टाकतो, की प्रत्येक फीतला काही हिस्सा स्पर्धा भरवणारा आधीच काढून घेतो. तेव्हा सर्व खेळाडूंची मिळून बेरीज नेहमी तोट्याचीच असते. मी वर्षातून एकदा जातो, ठरलेली रक्कम वहीत लिहून जातो, आणि ती गेली असंच धरून चालतो.

एका डिसेंबरात मी अशाच एका स्पर्धेत दोन टेबलांपर्यंत पोहोचलो. अठराजण उरले होते, पंधराव्यापर्यंत बक्षीस. भाचा दुपारीच बाद होऊन कठड्यामागे उभा होता. लहान ब्लाइंड १०,०००, मोठा २०,०००, आणि मोठा ब्लाइंड भरणाऱ्यानेच टेबलाच्या वतीने आणखी २०,००० ची अँटी भरायची. म्हणजे कुणी काही बोलण्याआधीच मध्ये ५०,००० पडलेले. माझी चळत २,४०,००० ची, मोठ्या ब्लाइंडाच्या बारापट. समोरच्याकडे चिप्सचे मनोरे. अशा वेळी थोडं थोडं लावण्यात अर्थ नसतो. लावायचं तर सगळं, नाहीतर पानं टाकायची. आणि पाळी माझी, आधी बोलायची.

१९९५ चा जगज्जेता डॅन हॅरिंग्टन याने आपल्या पुस्तकांत एक साधं माप दिलं आहे. आपली चळत भागिले एका फेरीचा खर्च. बॅकगॅमनचा नामांकित खेळाडू पॉल मॅग्रिएल याच्या आडनावावरून त्या आकड्याला तो ‘एम’ म्हणतो. माझा एम ४.८ होता. म्हणजे नुसतं बसून राहिलो तर पावणेपाच फेऱ्यांचं आयुष्य, तेही ब्लाइंड वाढले नाहीत तर. आणि जोडी येते सतरा हातांत एकदा. एक्क्यांची जोडी हवी असेल तर दोनशे एकवीस हातांत एकदा. फेरीत हात नऊच. चांगली पानं येईपर्यंत थांबू म्हणणाऱ्याने हे गुणाकार एकदा कागदावर करून पाहावेत.

पानं उचलली. राजा-गुलाम, वेगळ्या रंगांचे. दिसायला दरबारी. कठड्यामागून भाच्याच्या भुवया वर गेलेल्या मला दिसल्या नाहीत, पण कळल्या.

मी पानं टाकली. कारण असं. समजा, सगळं लावलं, आणि मागच्या आठांपैकी प्रत्येकजण शंभरातल्या फक्त सहा हातांवर मला बोलवेल. सहा टक्के म्हणजे फारच भित्रे लोक झाले. तरी आठांपैकी एकही न बोलवण्याची शक्यता निघते ६१ टक्के. म्हणजे दहातल्या चार वेळा कुणीतरी उठणारच. हेच मी बटनावर असतो आणि माझ्यापर्यंत सगळ्यांनी पानं टाकली असती, तर मागे फक्त दोघे, आणि तोच हिशेब ८८ टक्क्यांवर जातो. जो उठतो त्याच्याकडे एक्का-राजा असतो, राजा-राणी असते, मोठी जोडी असते. एक्का-राजासमोर राजा-गुलाम साधारण चारात एकदाच जिंकतो. जाणकारांचे तक्ते सांगतात की एवढ्या चळतीला पहिल्या जागेवरून साधारण सातातला एखादाच हात लावावा, बटनावरून मात्र तिनातल्या एकापेक्षा अधिक. पानं तीच. मागे किती तोंडं उघडायची राहिलीत, एवढ्यावर त्यांची किंमत ठरते.

आमच्या आईला कॅट घरात खपत नसे. तिच्या धाकट्या काकांनी नंदगडकडचं भाताचं शेत तीनपत्तीत घालवलं. घरात ही गोष्ट नेहमी ‘बेफाम होते’ अशा शब्दांत सांगितली गेली. लहानपणी मीही त्यांची कल्पना तशीच केली होती, लाल डोळे, टेबलावर आपटलेली मूठ. खूप वर्षांनी आईने एकदा सांगितलं की तसं काही नव्हतं. ती मुलगी असताना रात्री त्या बैठकीला चहा नेऊन द्यायची. काका शांत बसायचे. हात आला की बघायचे, पॅक. पुन्हा बघायचे, पॅक. दर हाताला बूट मात्र भरायचे. पहाटेकडे जवळ थोडंच उरलं की मग एका बऱ्या हातावर ते सगळं लोटायचे. ‘आणि तोवर त्यांना कुणी भीत नसे,’ आई म्हणाली. ‘सगळे हसत चाल द्यायचे.’

लहान चळतीचं खरं दुखणं आईच्या त्या वाक्यात आहे. चिप्स कमी होतात ते डोळ्यांना दिसतं. धाक कमी होतो ते दिसत नाही.

तो धाक आकड्यांत मांडता येतो. त्या २,४०,००० च्या वेळी मी सगळं लावलं असतं, तर मोठ्या ब्लाइंडवाल्याला मला बोलवायला आणखी २,२०,००० घालावे लागले असते. तेवढ्यासाठी त्याला ४३ टक्के तरी जिंकण्याची खात्री हवी. तो विचार करणार, मान खाजवणार, बऱ्याचदा पानं टाकणार. आता राजा-गुलाम टाकून मी पुढे सरकलो. मोठा ब्लाइंड आणि अँटी मिळून ४०,००० गेले, मग लहान ब्लाइंडाचे १०,०००. चळत १,९०,०००. तेवढ्यात घड्याळ वाजलं आणि ब्लाइंड झाले १५,००० व ३०,०००, अँटी ३०,०००. बारापट होती ती चळत जेमतेम सव्वासहापट झाली. आता माझ्या सगळ्या चिप्सना बोलवायला त्याच माणसाला ३८ टक्के पुरतात. अजून एक फेरी गप्प बसलो तर उरणार १,१५,०००, आणि त्याला लागणार ३१ टक्के. तेवढी शक्यता माझ्या एक्क्यासमोर त्याच्या सहा-सत्तीलाही असते. म्हणजे तो पानं न बघता, हसत चाल देणार.

लोक हे विसरतात आणि जॅक स्ट्रॉसची गोष्ट आठवतात. १९८२ साली लास व्हेगासच्या विश्वस्पर्धेत तो बाद झाल्यासारखाच होता. त्याची ५०० ची एक चिप तेवढी राहून गेलेली सापडली. ती रुमालाखाली होती असं सांगतात. त्या एका चिपेवरून १०४ जणांत तो पहिला आला. तेव्हापासून ‘एक चिप आणि एक खुर्ची’ हे वाक्य पोकरवाल्यांचं सुभाषित झालं आहे. माझं मत विचाराल तर या सुभाषिताने मदत केली त्याहून अधिक माणसं बुडवली. एक चिप उरल्यावर स्ट्रॉस काय करू शकतो ही गोष्ट खरी. पण आपली एकच चिप उरेल अशा बेताने खेळावं, असं काही त्या गोष्टीतून निघत नाही.

त्या फेरीतले मधले हात कंटाळवाणे होते. नव्वी-तिर्री, गुलाम-चव्वी, राणी-दुर्री, असलं सगळं. बटनावर होतो तेव्हा माझ्याआधीच एकाने सगळं लावलं. पलीकडच्या टेबलावर एकजण बाद झाला, सतरा उरलो. दोन बाद झाले की बाकीच्यांना बक्षीस. अशा वेळी काही खेळाडू मुद्दाम वेळ काढतात. हातात सत्ती-दुर्री असते आणि चेहरा असा करतात की जणू एक्के टाकायचे जिवावर आलंय. तेवढ्यात पलीकडे कुणी गेलं तर गेलं, हा हेतू. नियमात बसतं, पण मला ते आवडत नाही. माझ्या डावीकडचा एक तरुण हेच करत होता. त्याची चळत माझ्यापेक्षा थोडी मोठी होती आणि घाम मात्र माझ्या दुप्पट.

मग चकती फिरून आली आणि मी पुन्हा बंदुकीच्या तोंडाशी. एक्का-दश्शी, वेगळ्या रंगांची. मागे आठ. मी उभा राहून पलीकडचं टेबल पाहिलं. माझ्याहून लहान चळत एकच, आणि तिच्यावर मोठा ब्लाइंड यायला अजून पाच हात होते. माझ्यावर पुढच्याच हाताला. थांबलो तर त्याच्याआधी मीच झिजणार हे उघड होतं. चिप्स पुढे लोटल्या.

सात पॅक. हे लिहायला एक ओळ लागली, पण एकेक पान टेबलावर सरकताना ऐकायला फार वेळ लागतो. बटनावरच्या एका पन्नाशीच्या गुजराती गृहस्थांनी पानं दोनदा बघितली आणि शांतपणे बोलावलं. नव्व्यांची जोडी. अशा गाठीत एक्का-दश्शी शंभरात पंचेचाळीस वेळा जिंकते. मधल्या पाच पानांत ना एक्का आला ना दश्शी. सतरावा. त्या गृहस्थांनी उठून हात मिळवला. वेळ काढणारा तो तरुण पुढे चौदावा आला, त्याला फीच्या दुपटीच्या आसपास मिळाले.

घाट चढताना भाचा वाद घालत होता. ‘मामा, तुम्ही राजा-गुलामावर थांबलात आणि एक्का-दश्शीवर गेलात, बरोबर. पण आणखी दोन हात थांबला असतात तर?’ तो ज्या गणितावर बोट ठेवत होता ते गणित मेसन मालमुथ या अमेरिकन लेखकाने १९८७ साली मांडलं. गमावलेली चिप मिळवलेल्या चिपेपेक्षा महाग असते, असा त्याचा गाभा. कंकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते तिथल्या टपरीवर चहा घेताना त्याने मला ग्लास मांडून दाखवलं. समजा चौघे उरलेत, चिप्स सारख्या, आणि पहिल्या तिघांना सारखंच बक्षीस. प्रत्येकाचा वाटा पाऊण बक्षिसाचा. आता दोघे भिडले. जिंकणाऱ्याचं पाऊण फार तर एक होणार, मिळकत पाव. हरणाऱ्याचं पाऊण जाणार. पाव मिळवायला पाऊण लावायचं, तर चारात तीनदा जिंकायची खात्री हवी. दश्श्यांची जोडी कुठल्याही दोन पानांसमोर साधारण तेवढीच जिंकते.

‘म्हणजे बोलावणाऱ्याने घाबरावं,’ मी म्हटलं. ‘आणि तो घाबरेल म्हणूनच तर लावणाऱ्याने आधी लावायचं.’

‘पण ते गृहस्थ घाबरले नाहीत.’

‘त्यांच्याकडे नव्व्यांची जोडी होती. आणि माझ्याकडचे सगळे हरले असते तरी त्यांचा ढीग उरला असता. त्यांनी का घाबरावं?’

यावर त्याचं समाधान झालं नाही. त्याचं म्हणणं, पहिलं बक्षीस बाजूला ठेवा, पंधरावा नंबर हेच त्या क्षणी ध्येय. माझं म्हणणं, पंधराव्या नंबरासाठी मी बाराशे वळणांचा घाट उतरत नाही. या वादात दोन्ही बाजूंना आकडे आहेत. कुणाला काय हवं आहे ते मात्र आकड्यांत लिहिलेलं नसतं. जांबोटीपर्यंत आम्ही बोलत होतो, पुढे तो झोपला.

घरी पोहोचलो तेव्हा पहाटेचे साडेचार झाले असतील. आई जागीच होती. शहाऐंशी वर्षांची आहे, झोप कमी. दरवर्षी ती एकच प्रश्न विचारते, ‘किती गेले?’ मी वहीतला आकडा सांगतो, ती मान हलवते, विषय संपतो. त्या दिवशीही आकडा सांगितला. तिने मान हलवली, आणि मग पदर सावरत म्हणाली, ‘पानं काय होती रे शेवटी?’

‘एक्का-दश्शी.’

‘मागे किती जण बोलायचे होते?’

‘आठ.’

‘आठ,’ ती म्हणाली, आणि बोटांवर काहीतरी मोजत राहिली. तेवढ्यात दूधवाल्याची सायकल फाटकाशी वाजली, आणि ती पातेलं घ्यायला उठली.